किल्ली माझ्या भावाच्या गळ्यात होती

तो माझा धाकटा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याचं कौतुक करणार आहे. मग कोणी म्हणायला नको की हा पंक्चरवाला उगाच कोणाच्याही नावानं ढोल बडवतो. ढोल माझ्या घरचा आहे. ज्याला आवाज सोसत नसेल त्यानं कानात कापूस घालावा.

गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. धाकटा माझ्याहून दोन इयत्ता जास्त शिकला आणि माझ्याहून कितीतरी उंच गेला. म्हणजे खरोखरच उंच. मोबाईलच्या टॉवरवर चढून तिथली यंत्रं लावायची, काढायची, दुरुस्त करायची हा त्याचा धंदा. वारा सुटलेला असताना बाकीचे लोक खाली चहा पीत बसतात, आणि हा कमरेला पट्टा बांधून वर लोंबकळत नट आवळत असतो. या अख्ख्या शहरात त्याच्यासारखा चढणारा नाही. हे मी म्हणत नाही, त्याचे उस्ताद म्हणायचे.

उस्तादांनी त्याचं नाव खार ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी हा सरसर वर गेला आणि वर गेल्यावर खाली बघून घाबरला, शेपटी गुंडाळून बसावं तसा बसून राहिला. उस्ताद खालून ओरडले, "अरे ए खारे, उतरतेस की दाणे टाकू?" तेव्हापासून गल्लीत सगळे त्याला खारच म्हणतात. आईसुद्धा म्हणायची.

उस्तादांचा गुडघा पुढे निकामी झाला आणि ते जमिनीवर आले. आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत एकटेच राहायचे. बायको फार आधी गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरची खिडकी आणि आमची खिडकी समोरासमोर. मधे गल्ली एवढीच की दोन सायकली गेल्या तर एकीनं थांबावं. दोन्ही घरांना पाण्याचा पाइप एकच. सकाळी उठले की उस्ताद पान्यानं त्या पाइपवर ठोकायचे, टण टण. मग खार इकडून ठोकायचा, टण. म्हणजे मी आहे, तू आहेस, चला कामाला. माझी झोप मोडायची. मी शिव्या द्यायचो, पण एखाद्या दिवशी उशीर झाला की मीच उठून बसायचो.

उस्तादांनी त्याला चढायला शिकवलं तसा एक नियमही शिकवला. टॉवरखाली एक लोखंडी कपाट असतं, त्यात वरच्या यंत्राचा खटका असतो. वर जायच्या आधी खटका पाडायचा, कपाटाला कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या गळ्यात अडकवून वर जायचं. म्हणजे आपण वर असताना खाली कोणी चुकून यंत्र चालू करणार नाही. "वर जाणाऱ्याची किल्ली वर जाणाऱ्याच्याच गळ्यात," उस्ताद म्हणायचे. "साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप असो, आपल्याला विचारल्याशिवाय कोणी बंद करत नाही, कोणी चालू करत नाही. हा धंदा या एका किल्लीवर उभा आहे."

आमच्या गल्लीतल्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आला तो या किल्लीमुळेच आला. तेव्हा लोक हटून बसले होते. डोकी दुखतील, चिमण्या मरतील, पोरांच्या अभ्यासावर परिणाम होईल. (आमच्या पोरांच्या अभ्यासावर परिणाम व्हायला अभ्यास होता कुठे, ते सोडा.) शेवटी खार पुढे झाला. म्हणाला, "किल्ली माझ्याकडे राहील. तुम्हाला त्रास झाला तर मला सांगा, मी स्वतः वर जाऊन बंद करीन." लोकांनी कंपनीवर विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर ठेवला. आणि कंपनीनं गल्लीला खूश करायला एक गोष्ट दिली. एकटी राहणारी जी पाच म्हातारी माणसं होती, शिंपीणकाकू, ड्रायव्हरकाका, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, आंधळे काका आणि उस्ताद, त्यांच्या भिंतीवर एकेक पांढरा डबा बसवून दिला आणि गळ्यात घालायला एकेक कळ. पडलं, दुखलं, श्वास लागला की कळ दाबायची. डबा आपला आपण फोन लावायचा, पहिला खारला, त्यानं नाही उचलला तर रुग्णवाहिकेला. डब्यावर हिरवा दिवा कायम जळायचा.

त्या डब्यांनी खरंच माणसं वाचवली. शिंपीणकाकू न्हाणीत घसरल्या तेव्हा खार कामावरून धावत आला, अंगावरचा पट्टासुद्धा सोडला नव्हता. ड्रायव्हरकाकांना छातीत कळ आली तेव्हाही तोच. त्यानंतर टॉवरला कोणी नाव ठेवलं नाही. आणि पाइपवरची टण टण हळूहळू बंद पडली. गरजच राहिली नाही. सकाळी खिडकीतून समोर बघायचं, हिरवा दिवा दिसला की झालं.

मग नवीन नेटवर्क आलं. कानामागून आलं आणि तिखट झालं. नवीन पिढीचं, वेगवान, डोळ्याचं पातं लवायच्या आत सिनेमा उतरवणारं. पुन्हा सभा भरली, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत. कंपनीतून एक मॅडम आल्या. बोलायला गोड, हातात लॅपटॉप. त्यांनी सांगितलं की नवीन यंत्र वीज कमी खातं, काम नसेल तेव्हा आपलं आपण झोपतं, काम आलं की जागं होतं. दोन नेटवर्क एकाच वेळी चालवणं म्हणजे दोन चुली पेटवून एक भांडं तापवणं. म्हणून जुनं बंद करायचं. पृथ्वीसाठी चांगलं आहे.

"पृथ्वीचं ठीक आहे," शिंपीणकाकू म्हणाल्या, "माझ्या डब्याचं काय?"

मॅडमनी लॅपटॉपमध्ये बघितलं. डबे जुन्या नेटवर्कवर चालतात हे त्यांना तिथे सापडेना. खारनं सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "डबे बदलून मिळतील."

"कधी?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "मी मेल्यावर का? मग फोटोशेजारी टांगा."

लोक हसले पण कोणी हललं नाही. सगळे खारकडे बघायला लागले. त्याला बोलायला आवडत नाही. बोलण्याचं खातं घरात माझ्याकडे आहे. तरी तो उठला, गळ्यातली किल्ली शर्टाबाहेर काढली आणि म्हणाला, "पाचही डबे बदलल्याशिवाय मी जुनं बंद करणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या माणसाला कळवल्याशिवाय काही बंद होणार नाही."

झालं. लोकांनी होकार दिला. मी तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, कंपनी कितीही मोठी असो, माझ्या भावानं किल्ली फिरवल्याशिवाय इथलं पान हलत नाही. ज्यांच्या चाकात नुसती हवा भरायची होती त्यांनाही सांगितलं.

नवीन यंत्रं खारनंच चढवली. जुनी शेजारीच राहिली. मग तो डब्यांच्या मागे लागला. रोज फोन. एक म्हणायचा माल निघालाय, दुसरा म्हणायचा असा मालच नसतो. त्या गोड मॅडमची बदली झाली. शेवटी खोकं आलं, त्यात चार डबे. पाचवा पाठीमागून येतोय म्हणे.

खार ते चार डबे घेऊन उस्तादांकडे गेला. मीही गेलो, कारण अशा वेळी घरातलं कोणी मोठं माणूस बरोबर असलेलं बरं.

"पहिला तुमच्याकडे बसवतो," खार म्हणाला.

"माझ्याकडे कशाला?" उस्ताद म्हणाले. "शिंपिणीकडे बसव, ती दोनदा पडलीय. तिला पडायची सवय आहे."

"तिला बसवतोच. बाईंना आणि दोघा काकांना शेवटी बघू."

"अरे, दोघा काकांतला एक हृदयाचा आणि एक आंधळा. आणि बाई तिसऱ्या मजल्यावर. मी तळाला, तुझ्या नाकासमोर. खिडकीतून थुंकलास तर माझ्या चहात पडेल. माझा पाचवा."

"पण उस्ताद, जुनं बंद झालं तर?"

उस्ताद हसले. त्यांचे वरचे दोन दात नव्हते, हसले की पोरासारखे दिसायचे. "जुनं बंद कोण करणार?"

"मी."

"तू मला न सांगता करणार आहेस का?"

"नाही."

"मग झालं की. किल्ली तुझ्या गळ्यात, कळ माझ्या गळ्यात. आता चहा टाक, दादा कधीचे उभे आहेत."

असे चार डबे चार घरी बसले. पाचव्याची वाट बघणं सुरू झालं. खार मला म्हणायचा, "दादा, तो येईपर्यंत मी जुन्याला हात लावत नाही. कितीही फोन येऊ देत." फोन आलेच नाहीत. त्यालाही ते बरंच वाटत होतं. बोलवत नाहीत म्हणजे जुनं चालू आहे, असा त्याचा साधा हिशेब. त्याच्या धंद्यातल्या कोणाही माणसानं तोच हिशेब केला असता. गच्चीवरच्या कपाटातला पंखा घरघरत होता, कुलूप जसंच्या तसं होतं, किल्ली त्याच्या गळ्यात होती, आणि सकाळी खिडकीतून बघितलं की समोर हिरवा दिवा.

त्या दिवशीही त्यानं बघितला. दिवा होता. खार जेवणाचा डबा घेऊन कामावर गेला, शहराबाहेर एक टॉवर रंगवायचा होता. दिवसभर तो वर होता. वारं होतं, पण हवा स्वच्छ, आणि तिथून आमच्या गच्चीवरची नवी यंत्रं ठिपक्यांसारखी दिसत होती असं त्यानं मला नंतर सांगितलं. फोन खिशात होता. दोनदा काढून बघितला, काही नव्हतं. त्याला चांगला दिवस वाटला.

संध्याकाळी परत आला तेव्हा गल्लीत शिंपीणकाकू उस्तादांच्या दाराशी उभ्या होत्या, हातात झाकलेलं भांडं. "सूप आणलंय. दार उघडत नाहीत. झोपले असतील का रे?"

खारनं खिडकीतून आत बघितलं. हिरवा दिवा जळत होता. त्याखाली, ओट्याच्या पायाशी, उस्ताद पडले होते.

दार त्यानं खांद्यानं तोडलं. मी दुकानातून धावलो तेव्हा तो त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला होता. उस्ताद जिवंत होते. एक पाय कमरेपासून भलत्याच बाजूला वळला होता, ओठ कोरडे पडले होते, हाक खिडकीबाहेर जाईल एवढा आवाजही उरला नव्हता. सकाळी चहा टाकताना पडले होते. दूध ओट्यावरून सांडून जमिनीवर सुकलं होतं, त्यात त्यांचा हात चिकटला होता. दुसऱ्या हाताच्या मुठीत गळ्यातली कळ होती. बोट अजून तिच्यावर.

"दाबलं," ते म्हणाले. "लई दाबलं रे."

खारनं त्यांची मूठ सोडवली आणि स्वतः कळ दाबली. त्याचा फोन त्याच्या खिशात होता. आम्ही सगळे त्या खिशाकडे बघायला लागलो. फोन वाजला नाही. त्यानं पुन्हा दाबली. भिंतीवर दिवा हिरवागार जळत होता. तो दिवा विजेचा होता, एवढंच सांगत होता की डब्याला वीज मिळतेय. रेंज आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. इतक्या वर्षांत हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण कधी यायची वेळच आली नव्हती.

रुग्णवाहिका मी माझ्या फोनवरून बोलावली. ती येईपर्यंत खार जिन्यानं गच्चीवर गेला, मी मागोमाग. त्यानं कुलूप उघडलं. जुन्याचा खटका वरच होता. चालू. पंखा घरघरत होता. तो त्या खटक्याकडे बघत राहिला, जसा एखादा घरी परत येतो आणि दाराला आपलंच कुलूप असून आतलं सामान गेलेलं असतं. मग त्यानं ऑफिसला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

पलीकडे एक तरुण पोरगी होती. "तुमच्या भागातलं जुनं नेटवर्क ना? ते गेल्या आठवड्यातच बंद झालंय."

"कोणी बंद केलं? किल्ली माझ्याकडे आहे."

"वरून बंद केलंय."

"वर मीच असतो, मॅडम."

"म्हणजे मुख्य ऑफिसातून. स्क्रीनवरून होतं ते आता. महिन्याच्या शेवटी करायचं होतं, पण तुमच्याकडे वापर शून्य दिसत होता, म्हणून वीज वाचवायला आधी केलं."

वापर शून्य. खरंच होतं ते. पाच म्हातारी माणसं. त्यांतल्या चौघांकडे नवे डबे, आणि पाचवा पडला नव्हता तोवर वापर शून्यच असणार. जो पडत नाही तो स्क्रीनवर दिसत नाही. उंटावरून शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं, पण इथे उंटही दिसत नव्हता.

मी त्या पोरीला चार शब्द सुनावले. मला येतात. खारनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाला, "राहू दे दादा, ती नवीन आहे."

दवाखान्यात उस्तादांना पलंगावर घेतलं, सुया लावल्या. खार पायाशी उभा. मी म्हटलं, जवळ बस, तो बसेना. शेवटी उस्तादांनीच बोटानं बोलावलं. तो वाकला. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

"खारे, किल्ली फिरवलीस का रे?"

रागानं नव्हतं. एखादा कामाचं विचारतो तसं.

"नाही उस्ताद."

"फिरवली असशील तर असू दे. काम असतं. पण मला सांगायचंस."

"नाही फिरवली. तुमच्या गळ्याची शपथ. ही बघा." त्यानं किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली. कपाळावर आठी होती ती काही गेली नाही. ज्या माणसानं आयुष्यभर शिकवलं की किल्लीशिवाय बंद होत नाही, त्याला किल्ली न फिरवता बंद झालं हे कसं पटावं? त्यांच्या हिशेबात दोनच गोष्टी होत्या. एक तर खार खोटं बोलतोय, नाहीतर आपण शिकवलं ते खोटं. दोन्हींतलं कुठलं त्यांनी धरलं ते कळलं नाही. त्यांनी किल्ली परत दिली आणि डोळे मिटले.

चार दिवसांनी ते गेले. छातीत पाणी भरलं, डॉक्टर म्हणाले, इतका वेळ थंड फरशीवर पडून होते. या चार दिवसांत खारनं त्यांना आणखी तीनदा समजावायचा प्रयत्न केला, स्क्रीन काय, ऑफिस काय. ते "हं" म्हणायचे.

गल्ली त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर मी बघून घेतलं असतं, आणि त्यालाही बरं वाटलं असतं. शिंपीणकाकू नुसत्या येऊन बसल्या. जाताना दारात थांबल्या, गळ्यातली नवी कळ हातात धरून म्हणाल्या, "हे चालू आहे ना रे?" खार म्हणाला, "आहे." त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. आजवर त्यानं आहे म्हटलं की त्या पाठ फिरवायच्या. या वेळी थोडं थांबून गेल्या.

लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून नीट उजाडलंही नव्हतं, खारचा फोन वाजला. डब्याचा फोन. तो ताडकन उठला, चप्पल न घालता दारापर्यंत गेला.

"काकू! काय झालं? पडलात?"

"नाही रे. काही नाही. नुसतं दाबून बघितलं."

"बरं. चालू आहे."

फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा. ड्रायव्हरकाका. "खार का? मी आहे. जिवंत आहे. तू आहेस ना?"

"आहे काका."

मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. त्या शाळेत शिकवायच्या, त्यांना लाज वाटली. "चुकून दाबली गेली," म्हणाल्या. मग आंधळे काका. ते काही बोललेच नाहीत, खारचा आवाज ऐकला आणि फोन बंद केला. चौघांनी एकमेकांशी ठरवलं नव्हतं, मी नंतर विचारलं. प्रत्येकाला आपापल्या घरी तीच सकाळ उजाडली होती.

खार खिडकीशी बसला. समोर उस्तादांच्या खोलीत दिवा तसाच हिरवा जळत होता, कोणी वायर काढली नव्हती. खारची बायको म्हणाली, "चहा गार होतोय." मी म्हटलं, "घे रे." मी कप त्याच्या हातापाशी सरकवला.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्यानं इतक्या घाईनं उचलला की कप कलंडला.

ऑफिस होतं. तीच पोरगी. "तुमच्या गच्चीवरचं जुनं यंत्र आज उतरवून घ्यायचंय. एकटे जमेल का, की माणूस देऊ?"

"जमेल," खार म्हणाला. "वर जाताना खटका पाडून कुलूप लावतो. किल्ली माझ्याकडे आहे."

"कसली किल्ली?" ती म्हणाली.

त्यानं फोन ठेवला. पट्टा बांधला, हातमोजे खिशात घातले, किल्ली गळ्यात अडकवली आणि जिना चढायला लागला. मी दुकान उघडलं नाही. गल्लीत मधोमध उभा राहिलो आणि मान वर करून बघत राहिलो. त्यानं कपाट उघडलं, मेलेल्या यंत्राचा खटका पाडला, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. मग वर चढला. हळूहळू चढला, एकेक पाय टेकवत. पण चढला तो सरळ. असा चढणारा या शहरात दुसरा नाही.